गाडीची धांव



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींना हंसूं आलें असेल. ज्यानें सारी हयात औशास शाळामास्तरकींत घालविली, ज्याचें शिक्षण मॅट्रिकच्या पुढें गेलें नाहीं, आणि ज्याच्या मालकीचें सर्वांत मोठें वाहन म्हणजे एक जुनी सायकल, अशा माणसानें लाखों रुपयांच्या वेगवान मोटारीस कोणते टायर घालावे याविषयीं बोलावें, हें विपरीत दिसतें खरें. परंतु हा प्रश्न माझ्या दारीं आला तो मोटारीच्या हौसेमुळें आला नाहीं, माझ्या थोरल्या बहिणीच्या पाठीच्या दुखण्यामुळें आला. आणि एकदां प्रश्न अंगावर आला म्हणजे तो सोडविल्याशिवाय स्वस्थ न बसण्याची संवय फळ्यासमोर पस्तीस वर्षें काढलेल्या माणसाला असतेच.

टायर हा शब्द आपण इंग्रजींतून घेतला असला तरी ती वस्तु आपणांस अगदींच नवी नव्हती. बैलगाडीच्या लांकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवितात तिला आपण 'धांव' म्हणतों. माझ्या लहानपणीं लोहाराच्या भात्यापुढें गोंवऱ्यांच्या जाळांत ही धांव लाल होईपर्यंत तापवीत, तिघेचौघे सांडशींनीं धरून ती चाकावर बसवीत आणि लगेच वरून घागरींनीं पाणी ओतीत. लोखंड आकसूं लागलें कीं लांकडाच्या साऱ्या सांध्यांतून करकर आवाज निघे, आणि तो ऐकण्यासाठीं आम्ही पोरें शाळा बुडवीत असूं. ती धांव वर्षानुवर्षें टिके, तिला पंक्चर ठाऊक नसे. मात्र वाटेवरचा एकएक दगड ती बसणाऱ्याच्या हाडांपर्यंत इमानानें पोंचवी. म्हणून आजारी माणसाला न्यावयाचें असलें म्हणजे गाडींत कडब्याचा जाड थर घालून त्यावर गोधडी अंथरीत. चाकांत जें सुख नाहीं तें चाकाच्या वर शोधावयाचें, अशी ती रीत होती.

हा कडबा चाकाच्याच आंत घालण्याची कल्पना स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन या गृहस्थास सुचली व १८४५ सालीं त्यानें तिचें पेटंट घेतलें. पण ती मागें पडली. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेनें भरलेली रबरी नळी बसविली, आणि तेथून हवेच्या चाकाचा खरा संसार सुरू झाला. आज आपल्याकडे ऊंस वाहणाऱ्या बैलगाड्यांनासुद्धां रबरी टायर आले आहेत. सांगण्याचा मुद्दा इतकाच कीं, टायरमध्यें धक्का सोसतें तें मुख्यतः रबर नव्हे, तर आंत कोंडलेली हवा. रबर ही त्या हवेभोंवतालची भिंत होय. ही एक गोष्ट ध्यानांत राहिली म्हणजे पुढील विवेचन कठीण जाणार नाहीं.

आतां आमच्या अक्काविषयीं दोन शब्द. तिला किल्लारीच्या बाजूच्या एका खेड्यांत दिली होती. १९९३ सालच्या सप्टेंबरांत २९ तारखेस अनंतचतुर्दशी होती. गणपति पोंचवून लोक रात्रीं उशिरां निजले, आणि ३० तारखेच्या पहाटे चार वाजावयास चार मिनिटें कमी असतां धरणी हादरली. सुमारें दहा हजार माणसें त्या पहाटे गेलीं. आपल्याकडील जुनीं घरें म्हणजे दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचें जड माळवद. असें माळवद अक्काच्या पाठीवर आलें. तिचा मुलगा गणपति पाहावयास म्हणून आमच्या घरीं आला होता, तो वांचला. आम्हीं अक्काला ढिगाऱ्यांतून काढून मिळाली त्या मालमोटारींत घातलें आणि लातुरास नेलें. मी तिच्या उशाशीं बसलों होतों. चाळीसएक किलोमीटरांच्या त्या वाटेवर प्रत्येक खड्ड्याबरोबर तिच्या तोंडून जो स्वर निघे तो मीं पुन्हां कोणाजवळ वर्णन केला नाहीं, आणि आजहि करीत नाहीं. ती बरी झाली, चालूं लागली, तिनें मुलाला शिकविलें. परंतु पाठीला धक्का सोसत नाहीं तो नाहींच.

तो मुलगा, म्हणजे माझा भाचा, आतां पुण्यास चांगल्या नोकरीवर आहे. त्यानें एक जर्मन बनावटीची मोटार जुनी म्हणून पण चांगल्या स्थितींत विकत घेतली. ती मोटार कोणत्या कंपनीची हें सांगण्याचें कारण नाहीं. बाहेरून दिवाणखाना आणि अंगांत शर्यतीच्या घोड्याचा जोर, अशा जातीची ती आहे. अशा मोटारींशीं मराठवाड्याचा काय संबंध, असें कोणी विचारील, तर २०१० सालच्या ऑक्टोबरांत तेव्हांच्या औरंगाबादेंतील, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरांतील, उद्योजक व व्यावसायिक मंडळींनीं एकत्र येऊन एकाच खेपेस १५० मर्सिडीज-बेंझ मोटारी घेतल्या होत्या; सुमारें ६५ कोटी रुपयांच्या त्या खरेदीची चर्चा देशभर झाली. खरेदीच्या दिवशीं छायाचित्रें छापून येतात. पांचसहा वर्षांनीं त्याच मोटारींचे टायर बदलतांना मालकाची जी तारांबळ उडते ती मात्र कोणी छापीत नाहीं.

पुण्याच्या एका तज्ज्ञ डॉक्टरांनीं अक्काला दर तीन महिन्यांनीं तपासण्यासाठीं बोलाविलें, तेव्हां भाचा मोठ्या अभिमानानें ती मोटार घेऊन औशास आला. मीहि बरोबर निघालों. तुळजापूर, सोलापूर, इंदापूर या वाटेनें पुणें सुमारें साडेतीनशें किलोमीटर पडतें. आंतील आसनें लोण्यासारखीं मऊ. पण चाकाखालीं खडा आला तरी तो पाठीस कळे, आणि सिमेंटचा रस्ता लागला कीं गिरणीच्या पट्ट्यासारखी जी घरघर सुरू होई, तिच्यांत मागें बसलेल्या अक्काचे शब्द मला ऐकूं येईनात. सोलापूर येईपर्यंत दोन वेळां गाडी थांबवावी लागली. अक्का तक्रार करणारी नव्हे. उतरतांना ती मुलाला इतकेंच म्हणाली, "गाडी लई भारी हाय बाळा, पर मला आपली यष्टीच बरी." परत आल्यावर ती चार दिवस अंथरुणांतून उठली नाहीं, आणि भाच्यानें पांचव्या दिवशीं मला दूरध्वनि करून सांगितलें कीं, "मामा, मी ही गाडी विकून टाकतो."

मीं त्याला थोडें थांबावयास सांगितलें. यष्टीचें चाक कसें असतें तें मला आठवत होतें. रिमपासून रस्त्यापर्यंत तेथें रबराची वीतभर उंच भिंत असते. याच्या मोटारीला ती भिंत जेमतेम चार बोटें होती. दोष मोटारीचा कीं तिच्या पायतणांचा, हें आधीं ठरवावें असें मला वाटलें. शिवाय ते टायर झिजलेलेहि होते. टायरच्या खांचांच्या तळाशीं ठिकठिकाणीं रबराचे लहान उंचवटे असतात. वरचें रबर झिजून त्यांच्या पातळीस आलें म्हणजे खांच १.६ मिलिमीटर उरली, आणि टायर कायद्यानें बाद झाला असें समजावें. तेव्हां नवे टायर घेणें प्राप्तच होतें. प्रश्न होता तो कोणते.

टायरच्या बाजूच्या भिंतीवर जें लिहिलेलें असतें तें आपण कधींच वाचीत नाहीं. मीं चष्मा लावून व हातांत विजेरी घेऊन तें वाचलें. २४५/४० आर १९ ९८ वाय, असा तो मजकूर होता. २४५ ही टायरची रुंदी मिलिमीटरांत. ४० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा ४०, अर्थात् ९८ मिलिमीटर. आर म्हणजे आंतील दोरे आडवे घालून विणलेला रेडियल टायर. १९४६ सालीं मिशेलिन कंपनीनें त्याचें पेटंट घेतलें. १९ हा रिमचा व्यास इंचांत. ९८ हा भाराचा सांकेतिक अंक असून त्याचा अर्थ एक टायर ७५० किलो भार उचलील. शेवटचें वाय हें अक्षर ताशीं ३०० किलोमीटरपर्यंतच्या वेगाचें. औसा ते पुणें या रस्त्यावर ३०० किलोमीटरांच्या वेगाचें काय काम, असा प्रश्न आपल्या मनांत येईल. माझ्याहि मनांत आला; त्याचें उत्तर पुढें देतों.

याशिवाय त्या टायरवर रनफ्लॅट अशी खूण होती. हवा गेली तरी हा टायर बसत नाहीं. ताशीं ८० किलोमीटरांच्या आंत ठेवून आणखी सुमारें ८० किलोमीटर जातां येतें. सोय मोठी खरी. पण हवेवांचून मोटारीचा भार पेलावयाचा म्हणजे बाजूची भिंत जाड व ताठ करावी लागते, आणि ताठ भिंत जशी भार पेलते तशीच धक्काहि जशाचा तसा वर पाठविते. अशा मोटारींत बहुधा जादा चाक ठेवावयास जागाच केलेली नसते. म्हणून साधे टायर घालावयाचे ठरविलें तर हवा भरण्याचा लहान पंप, पंक्चर बुजविण्याचें साहित्य आणि शक्य तर एक जादा चाक बाळगलेंच पाहिजे. रात्रींच्या वेळीं आडरस्त्यावर म्हाताऱ्या आईला घेऊन अडकून पडण्यापेक्षां पाठीला बसलेला हिसका पुरवला, असेंहि एखादा म्हणेल, व तें चुकीचें ठरणार नाहीं. आम्हीं जादा चाकाचें ओझें पत्करलें.

आतां थोडें गणित. १९ इंची रिमच्या जागीं १८ इंची रिम घेतली आणि टायर २४५/४५ मापाचा घातला, तर काय होतें? भिंतीची उंची ९८ वरून ११० मिलिमीटर होते, म्हणजे हवेची गादी बारा मिलिमीटरांनीं जाड झाली. आणि चाकाचा एकंदर व्यास? पहिल्या जोडीचा ६७८.६ मिलिमीटर, दुसरीचा ६७७.७. फरक एका मिलिमीटराहूनहि कमी. त्यामुळें वेग दाखविणारा कांटा खोटें बोलत नाहीं. वर्गांत हें उदाहरण मला पूर्वीं सांपडलें असतें तर शेंकडेवारी शिकवितांना मुलांच्या डोळ्यांवर झांपड आली नसती. मात्र यांत एक मेख आहे. जोरकस मोटारींचे ब्रेक मोठे असतात व लहान रिम त्यांच्यावर बसेलच असें नाहीं. तेव्हां कंपनीच्या पुस्तिकेंत त्याच मोटारीसाठीं लहान रिमचें माप दिलेलें असेल तरच हा मार्ग धरावा. ज्या मोटारींचे मागील टायर पुढच्यांहून रुंद असतात त्यांना तर हें अधिकच लागू. भाच्याच्या मोटारीच्या पुस्तिकेंत तें माप होतें.

आवाजाचा विषय याहून गुंतागुंतीचा आहे, आणि मला त्यांतच अधिक गोडी वाटली. टायर चार प्रकारें बोलतो. त्यावरील रबराचे ठोकळे एकामागून एक रस्त्यावर आपटतात, जशीं मेजावर बोटें वाजवावीं तशीं. खांचांत सांपडलेली हवा दाबली जाऊन फटकन् बाहेर पडते, जशी तळहातांतून टाळीची. रस्त्याच्या खडबडीतपणानें टायरची कातडी थरथरते. आणि टायरच्या पोटांतील हवा रांजणांतल्यासारखी घुमते. मोटारीच्या टायरांत हा घूम सेकंदास सुमारें दोनशें कंपनांच्या आसपास असतो. सर्व ठोकळे एकाच मापाचे असते तर टायरनें एकच सूर धरून शीळ घातली असती. म्हणून कारखानदार लहानमोठे ठोकळे मुद्दाम बेतालपणें मांडतात, आणि सुराचा गलका होऊन तो कानाला कमी टोंचतो. पोटांतील घूम मारण्यासाठीं कांहीं टायरांच्या आंत स्पंजाची पट्टी चिकटविलेली असते. ती उपयोगी पडते. परंतु अशा टायरला पंक्चर झालें तर तेवढ्या जागेचा स्पंज काढून ठिगळ लावावें लागतें, आणि तें आपल्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या गळीं उतरविणें सोपें नव्हे. आम्हीं स्पंज नको म्हटलें.

एक समजूत येथें दूर करावयास पाहिजे. युरोपांत विकल्या जाणाऱ्या टायरांवर आवाजाचा आंकडा डेसिबेलांत छापतात, आणि आपल्या सरकारच्या रस्तेवाहतूक मंत्रालयानेंहि २०२२ सालीं टायरांचा आवाज, ओल्या रस्त्यावरील पकड आणि घरंगळण्यास होणारा विरोध यांसंबंधीं नियम केले. चांगली गोष्ट झाली. परंतु तो आंकडा रस्त्याच्या कडेला ठेवलेल्या यंत्रानें मोजलेला असतो. शेजारून मोटार गेली असतां वाटसरूला काय ऐकूं येईल तें तो सांगतो. आंत बसलेल्या रोग्याच्या कानांत काय घुमेल तें सांगत नाहीं. दोन टायरांचा छापील आंकडा सारखा असून एक आंत गुणगुणतो व दुसरा गुरगुरतो, असें होऊं शकतें. तेव्हां तो आंकडा पाहावा, पण त्यावर विसंबूं नये. आपल्याच जातीची मोटार आपल्याच जातीच्या रस्त्यावर चालविणाऱ्याला विचारावें. भाच्यानें अशा तिघांना गांठलें.

त्यांतून कळलें तें असें. बहुतेक मोठ्या कंपन्या एकाच मापांत दोन स्वभावांचे टायर करतात. एक वळणावर चावून धरणारा, दुसरा सुखानें नेणारा. मिशेलिनचा 'पायलट स्पोर्ट' पहिल्या घराण्याचा, तर 'प्रायमसी' दुसऱ्या. कॉन्टिनेंटलचा 'मॅक्स कॉन्टॅक्ट' पहिल्याकडे झुकणारा, 'अल्ट्रा कॉन्टॅक्ट' दुसऱ्याकडे. योकोहामानें तर आपल्या शांत टायरला डेसिबेलच्या आद्याक्षरांवरून 'ॲडव्हान डीबी' असें नांवच दिलें आहे. मी कोणाची जाहिरात करीत नाहीं. हीं नांवें ओळखीसाठीं सांगितलीं. जोरकस मोटार म्हणजे तिला पहिल्याच घराण्याचा टायर हवा, असा दुकानदारांचा व मित्रमंडळींचा आग्रह असतो. भाच्यालाहि मित्रांनीं तेंच सांगितलें होतें. मीं त्याला विचारलें, "तूं गेल्या वर्षभरांत किती वेळां वळणावर शर्यत लावलीस, आणि किती वेळां आईला डॉक्टरकडे नेलेंस?" त्यावर तो कांहीं बोलला नाहीं.

परंतु सुखासाठीं काय सोडावें याला मर्यादा आहे, आणि मघांच्या वाय अक्षराचें उत्तर येथें येतें. वेगाचें अक्षर हें केवळ वेगाचें नसून टायर किती उष्णता सोसूं शकेल याचें माप आहे. आपल्याकडे उन्हाळ्यांत हवाच चाळीस अंशांच्या वर जाते, मग डांबराची काय कथा. म्हणून पुस्तिकेंतील अक्षराहून खालचें अक्षर, व अंकाहून खालचा अंक, स्वस्त मिळाला तरी घेऊं नये. त्याचप्रमाणें ओल्या रस्त्यावरील पकड. मऊ आणि मुका टायर पावसांत घसरला तर त्या सुखाला काय चाटावयाचें आहे? माझ्या मतें आधीं ओली पकड, मग मऊपणा, मग शांतता, आणि टिकाऊपणा सर्वांत शेवटीं असा क्रम लावावा. पुष्कळांना हा क्रम उलटा वाटेल. टायर किती हजार किलोमीटर टिकतो हाच आपल्याकडे पहिला प्रश्न असतो. पण फार टिकणारें रबर बहुधा टणक असतें, आणि टणक रबर घ्यावयाचें तर जुन्या लोखंडी धांवेनें काय घोडें मारलें होतें?

खरेदीच्या वेळीं एक प्रसंग घडला. शहराचें व दुकानाचें नांव घेत नाहीं. दुकानदारानें चार टायर पुढें मांडले; रबर काळेंभोर, वर रंगीत चिठ्ठी, सारें नव्यासारखें. टायरच्या भिंतीवर एका लंबगोल चौकटींत चार आंकडे असतात, त्यांतील पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पुष्कळदां हे आंकडे एकाच बाजूस असतात आणि ती बाजू दुकानांत भिंतीकडे असते. मीं टायर फिरवून पाहिला. दोन टायर वर्षाच्या आंतले होते, दोन पांच वर्षांपूर्वींचे. विचारलें तर उत्तर मिळालें, "गुरुजी, वापरलेला नाही, नुसता ठेवलेला आहे." ठेवलेलें रबरहि ऊन, उष्णता आणि हवेनें टणक होत जातें, व टणक झालेलें रबर आवाज करतें आणि घसरतें; हें त्या गृहस्थांना माझ्याहून अधिक ठाऊक असावें. आम्ही उठलों.

जुन्या टायरांचा धोका केवळ सुखापुरता नाहीं. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग २०२५ सालच्या जूनमध्यें पुरा खुला झाला. रस्ता सिमेंटचा, वेगाची मर्यादा ताशीं १२० किलोमीटर. तो टप्प्याटप्प्यानें सुरू झाल्यापासून तेथें टायर फुटून अपघात होऊं लागले, आणि परिवहन खात्यानें महामार्गावर येणाऱ्या वाहनांचे टायर तपासण्यास आरंभ केला. साध्या रस्त्यावर जो म्हातारा टायर कसाबसा निभावतो, तो तासन्‌तास तापविला म्हणजे दगा देतो.

नव्या तारखेचे टायर मिळावयास तीन आठवडे लागले. वाळूजला गुडइयरचा व चाकणला ब्रिजस्टोनचा कारखाना आहे, म्हणजे टायर आपल्या दाराशीं होतात. परंतु अशा मोटारींचीं मापें विरळा, तीं पुष्कळदां परदेशांतून येतात, आणि २०२० सालच्या जूनमध्यें केंद्र सरकारनें नव्या टायरांची आयात परवान्याच्या बंधनांत घातली. त्यामुळें दुकानदाराजवळ जें असेल तें गिऱ्हाइकाच्या माथीं मारण्याकडे कल असतो. टायर बाद होण्याच्या दोन महिने आधींच चौकशीला लागावें, हा त्यावर उपाय. चारहि टायर एकाच बनावटीचे, एकाच वेळीं घेतले. किंमतीचा आंकडा मी मुद्दाम सांगत नाहीं, कारण आमची अक्का आकाशवाणी ऐकते.

टायर बसविल्यावर चाकांचा तोल आणि सरळपणा यंत्रावर पाहून घेतला. हें न केल्यास टायर एका अंगानें करवतीसारखा झिजतो आणि नवाकोरा असूनहि सहा महिन्यांत भुणभुणूं लागतो. मग आहे हवेचा दाब. पेट्रोलपंपावरील पोरगा कोणत्याहि मोटारींत एकच आंकडा भरतो. खरा आंकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेला असतो, दोन माणसांसाठीं वेगळा व भरल्या गाडीसाठीं वेगळा. आणि तो थंड टायरचा, म्हणजे सकाळीं निघण्यापूर्वींचा असतो. भाच्याच्या जुन्या टायरांत त्याहून बरीच अधिक हवा निघाली. मला तर शंका येते कीं अक्काच्या त्या चार दिवसांच्या दुखण्यांतला निदान एक दिवस या फुकटच्या हवेचा होता. दुपारीं तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसला म्हणून ती हवा सोडूंहि नये. सकाळीं ती कमी पडते.

नव्या टायरांवर पहिले दोनतीनशें किलोमीटर भाच्यानें गाडी बेतानें चालविली. सांच्यांतून काढतांना लागलेला तुळतुळीतपणा गेल्याखेरीज रबर नीट धरीत नाहीं. त्याची तक्रार आहे, ती लपवीत नाहीं. सुकाणूं फिरविल्यावर गाडी पूर्वींसारखी तत्काळ वळत नाहीं, क्षणभर विचार करून वळते, असें तो म्हणतो. मोठ्या रिमांनीं गाडीला जो डौल होता तोहि थोडा उतरला, असें त्याच्या मित्रांचें मत पडलें.

गेल्या पावसाळ्यांत आम्ही पुन्हां पुण्यास निघालों. तुळजापूरच्या घाटांत पाऊस होता, आणि एका वळणापलीकडे मालमोटार बंद पडून आडवी उभी होती. भाच्यानें ब्रेक दाबला. गाडी न वांकतां, न हिसडतां, सरळ रेषेंत थांबली. अक्कानें गोधडी सांवरली, इतकेंच. सोलापूर गेलें तरी थांबा म्हणून तिनें सांगितलें नाहीं. सिमेंटच्या रस्त्यावरची घरघर समूळ गेली नव्हती. पण मी पुढच्या आसनावरून साध्या आवाजांत बोलत होतों आणि मागून ती उत्तर देत होती. मोहोळच्या पुढें उत्तरें येईनाशीं झालीं, म्हणून मीं वळून पाहिलें, तों तिला झोंप लागली होती. मोटारींत झोंपलेली अक्का मीं १९९३ नंतर पहिल्यानेंच पाहिली. इंदापुराजवळ चहासाठीं गाडी उभी केली तेव्हां ती जागी झाली आणि म्हणाली, "का रं, बंद पडली का?"

परत आल्याच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती नेहमींच्या वेळीं उठून अंगणांत आली. त्या टायरांना काय पडलें, असें तिनें मुलाला विचारलें होतें, आणि त्यानें खऱ्याच्या चौथाई आंकडा सांगितला, असें मला मागाहून कळलें. तेवढ्यानेंहि ती दोन दिवस हळहळत होती. पुढची खेप येत्या महिन्यांत आहे. दाब पाहण्याचें लहान यंत्र मीं आतां माझ्याच सायकलीच्या पिशवींत ठेवलें आहे.